चार दिव्यांची फळी

हमीदाआपाला बस स्टॉपवर उभं राहणं जमायचं नाही. संध्याकाळी साडेपाचला महाप्याच्या नाक्यावर माणसं मुकाट रांग लावून उभी असायची, आणि ही बाई त्या रांगेसमोरून तरातरा पुढच्या स्टॉपकडे चालायला लागायची. तिथं पोचल्यावर तरी थांबेल? नाव नको. त्याच्याही पुढच्या स्टॉपकडे. बस तिला हटकून दोन स्टॉपच्या मधेच गाठायची. मग मागे न बघता, चाल न मोडता, ती हात वर करायची. निम्मे ड्रायव्हर तिला ओळखायला लागले होते, ते थांबवायचे. बाकीचे सरळ निघून जायचे.

"आपा, एका जागी उभ्या राहिलात तर बस नक्की मिळेल की," मी एकदा म्हणालो.

"तू राहतंस ना उभा? मिलते ना तुला रोज? मंग तुजा तोंड असा का असतो?"

कपाळ माझं! आणि खरं सांगू का, हे लिहायला बसल्यापासून मी स्वतः तीनदा उठून खिडकीशी जाऊन आलोय. या बाईची आठवण काढायची म्हणजे बूड टेकत नाही एका जागी.

मी संपत. मूळचा साताऱ्याकडचा, राहायला कामोठ्यात, आणि कामाला महाप्याच्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजमध्ये. आमचं गॅरेज साधं नाही. लोक जुन्या गाड्या घेऊन येतात आणि आम्ही त्या गाड्यांच्या इंजिनावर बाहेरून आणलेला, हवा तसा शिकवता येणारा नवा कॉम्प्युटर बसवतो. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी टाकायची, हे सगळं मग तो ठरवतो. त्याला शिकवायचं काम माझं, लॅपटॉपवरून. आणि तो इंजिनाला जोडायचं काम हमीदाआपाचं. वायरींचा अख्खा जुडगा, ज्याला आम्ही हार्नेस म्हणतो, तो ती एकटी हातानं बांधायची. या कॉम्प्युटरला ती घरजावई म्हणायची.

"घरातल्या पोरीला सगला ठाऊक असतो. घरजावयाला एकेक दाखवाया लागतो, पानी इथं, मोरी तिथं. नाय दाखवला तं तो मोरीत जेवंल."

पन्नाशी उलटलेली, बुटकी, काटक बाई. सलवार-कमीजवर खाकी एप्रन, डोक्यावरची ओढणी मागे नेऊन पक्की गाठ मारलेली. तळोज्याच्या जुन्या गावातली. तिथले कोकणी मुसलमान तिथं कधीपासून आहेत ते त्यांनाही ठाऊक नाही. नवरा आखातात गेला आणि तिकडेच वारला. मग तिनं एका हार्नेसच्या कारखान्यात लाइनवर बरीच वर्षं काढली. ती लाइन बंद झाली आणि ती आमच्याकडे आली.

आली तो दिवस मला चांगला आठवतो. आमचे मालक दीपकशेठ खुर्चीत बसून म्हणाले, "बसा ना." ती बसली नाही. शेठनी टेबलावरचा एक तयार हार्नेस पुढे केला, आधीच्या वायरमननं बांधलेला, आणि विचारलं, "असं काम येतं का तुम्हाला?" बाईनं तो हातात घेतला. प्रत्येक कप्लर, म्हणजे वायरींच्या टोकाचा प्लास्टिकचा खटका, डाव्या मुठीत धरला आणि उजव्या हातानं एकेक वायर ओढायला लागली. जोरात नाही, लहान पोराचा कान ओढावा तशी. पाच वायरी हातात आल्या. त्या पाच तिनं शेठच्या पुढ्यात ओळीनं मांडल्या.

"असा नाय येत," ती म्हणाली.

शेठ हसले आणि म्हणाले, उद्यापासून या.

ती बसायची नाही म्हणजे खरंच बसायची नाही. चहा लेथ मशीनपासून गेटपर्यंत आणि गेटपासून लेथपर्यंत फेऱ्या मारत. डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट उभ्यानं. मोजायला टेप घ्यायची नाही, वायर कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हातावर धरून मोजायची आणि ती कधी बोटभरही कमी पडायची नाही. कामाच्या मधे हात रिकामा झालाच तर वायरीचे तुकडे पीळ घालून ठेवायची. तिच्याशेजारी काम करणं म्हणजे उंदीर शिरलेल्या घरात झोपण्यासारखं होतं. मी वैतागायचो. "आपा, दोन मिनिटं गप्प उभ्या राहा, मला आकडे दिसेनात!" तर म्हणायची, "आकडे तुज्या डब्यात हायत. मी काय तुज्या डब्यात नाचते?"

आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक होतं, गाड्यांच्या शर्यतीत भाग घेणारं, फार तोऱ्यात. पहिल्यांदा आलं तेव्हा तिला ओलांडून आत बघत विचारायला लागलं, "वायरमन कुठेय?"

"उभी हाय समोर," आपा म्हणाली. "बाजूला व्हा, उजेड अडवताव."

हार्नेस ती टेपनं गुंडाळायची नाही. मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधायची, दर दोन बोटांवर एक गाठ. ही गाठ तिच्या आईची. आई लग्नांसाठी सेहरे गुंफायची, नवरदेवाच्या तोंडावर सोडतात ते फुलांचे. "फूल दाबला तं काला पडतो, ढिला सोडला तं वरातीत गलतो. तारेचा पन तोच हाय." आणि प्रत्येक कॉइलकडे जाणाऱ्या फांदीच्या टोकाशी ती वेगळ्या गाठी मारायची. पहिल्या सिलिंडरच्या फांदीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. अंधारात हात घातला तरी नुसत्या बोटांना कळावं, ही कितवी.

कॉइलचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुन्या गाडीत एकच कॉइल असते. ती ठिणगी तयार करते आणि मधला एक वाटप्या ती चारी प्लगांना वाटतो. आम्ही तो वाटप्या काढून टाकतो आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल बसवतो. कॉम्प्युटर प्रत्येक कॉइलला आधी सांगतो, भरून घे. मग सांगतो, सोड. सोडली की ठिणगी. आता गोम अशी की काही कॉइली इशारा चढला की भरतात, काही उतरला की. ते लॅपटॉपवर बरोबर सांगावं लागतं. उलटं सांगितलं तर इंजिन नुसतं उभं असताना कॉइल भरतच राहते, सुटतच नाही. तापते आणि जळते.

हे मी तिला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती येरझारा घालायची थांबली. असं क्वचित व्हायचं.

"म्हंजे एकाद्याला दम धर म्हनायचा आनि सोड म्हनायला इसरायचा?"

"तसंच."

"मंग मरंलच तो."

दुसऱ्या दिवशी ती एक फळी घेऊन आली. घरातल्या मोडक्या पाटाचं फळकूट, त्यावर ओळीनं चार छोटे दिवे आणि प्रत्येकाला वायरीचं शेपूट. कॉइलींच्या जागी आधी हे दिवे लावायचे. नुसती चावी दिली, इंजिन फिरत नाही, तर चारही दिवे विझलेले पाहिजेत. स्टार्टर मारला की लुकलुकले पाहिजेत. इतकंच. दिवा उगाच लागला तर जळत काही नाही, फक्त आपण शहाणे होतो. आणि तोवर खऱ्या कॉइली कुठं? तिच्या झोळीत, डब्याशेजारी.

"घरजावई शाना निगाला की देईन," म्हणायची.

मला त्या फळीचा भयंकर राग यायचा. माझ्या सेटिंगवर अविश्वासच की तो! शर्यतवाल्याच्या गाडीला दिवे लावले आणि चारही लख्ख पेटले, तेव्हा तर जास्तच. मी मान खाली घालून सेटिंग उलटं केलं. दिवे विझल्यावर तिनं झोळीतून चार कॉइली काढून माझ्या हातात दिल्या, पानसुपारी द्यावी तशा.

मग गेल्या वर्षी तिचं काहीतरी बदललं. वायर हातात घेऊन शटरच्या उजेडाकडे जायला लागली. मधेच मला हाक मारायची. "संपत, ही कंची रे?" मी सांगायचो, हिरवी. "बराबर," म्हणायची, जशी काय माझी परीक्षाच घेतेय. मला गंमत वाटायची. शेठना मात्र शंका आली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे यार, बाईचे डोळे गेले का काय? बाहेरून तयार हार्नेस येतात आता. वकीलसाहेबांची गाडी होऊ दे. ती नीट झाली तर ठीक, नाहीतर तिला सांगू, आपा, आता आराम करा. तूच सांग, तुझं ऐकेल."

हे आपाच्या कानावर कसं गेलं, मला ठाऊक नाही. पण गेलं. त्या गाडीवर तिनं दुप्पट वेळ लावला. हार्नेस इतका देखणा झाला की मी फोटो काढला. म्हणाली, "शेठना दाव. आराम म्हने! आराम कबरीत हायच की."

वकीलसाहेब बेलापूरचे. गाडी त्यांची तरुणपणातली, जीव की प्राण. त्या दुपारी ते इंजिनाचा पहिला आवाज ऐकायला आले होते आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. आपा मागच्या खोलीत जोहरच्या नमाजला गेली होती. दिवे लावायचे बाकी होते. वकील म्हणाले, "होतंय का? मला तीनला पोचायचंय." शेठनी माझ्याकडे पाहिलं.

आणि मी तिच्या झोळीत हात घातला.

चार कॉइली काढल्या, बसवल्या, कप्लर लावले, चावी दिली. स्टार्टर मारण्याआधी लॅपटॉपवर दोन-चार आकडे तपासायचे असतात. ते तपासता तपासता वकिलांनी काही विचारलं, मी ऐटीत समजावत बसलो. दोन मिनिटं गेली असतील, तीन गेली असतील. मग वास आला. मग कॉइलींच्या डोक्यातून बारीक धूर. मी चावी ओढून काढली तोवर चारही गेल्या होत्या.

आपा धावत आली. कॉइलला बोट लावलं, चटका बसला तसं मागे घेतलं.

"कोनी लावल्या?"

"मी," मी म्हणालो. "साहेब थांबले होते."

ती पुढे काही बोलणार, एवढ्यात शेठ म्हणाले, "आपा, वायर उलटसुलट गेली काय हो?"

बाईनं हार्नेसचं कॉम्प्युटरकडचं टोक उचललं. उजेडाकडे नेलं, जवळ धरलं, लांब धरलं. आम्ही तिघं बघत होतो. मग ते खाली ठेवून म्हणाली,

"गेली असंल."

मी देवाशप्पथ सांगतो, तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. ती गेल्यावर लॅपटॉप उघडला आणि खरं काय ते दिसलं. मी वेळ वाचवायला आधीच्या गाडीच्या सेटिंगची फाइल उचलून या गाडीला चिकटवली होती. त्या गाडीच्या कॉइली वेगळ्या जातीच्या. इशारा उलटा. तिच्या वायरीचा यात काडीचा संबंध नव्हता. फळी लावली असती तर चार दिवे पेटले असते आणि मी मान खाली घालून सेटिंग बदललं असतं, बस्स.

दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी आपा आलीच नाही. घरी काम आहे असा निरोप आला. शेठ म्हणाले, बरं झालं, आपल्याला बोलावं लागलं नाही. मी तोंड उघडलं आणि मिटलं. असं रोज. कामोठ्यात जिने चढताना ठरवायचो, उद्या नक्की. बायको म्हणायची, तुम्हाला झालंय काय, सारखे उठता काय, बसता काय? दोन महिने काढले मी असे. साधं एक वाक्य होतं हो! 'चूक माझी' एवढंच. पण हिंमत झाली नाही. घाबरट तो घाबरटच.

तिची फळी खिळ्याला तशीच लटकत होती. वकिलांच्या गाडीसाठी बाहेरून मागवलेला तयार हार्नेस आला, तो नीट बसेना. त्या वैतागात शेठ म्हणाले, "ही लाकडं कशाला ठेवलीत? आपाला देऊन टाक." म्हणून रविवारी मी तळोज्याला गेलो.

पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर हमीदाआपा बसली होती.

बसली होती. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, काही न करता. मी ओटीवर चढलो तरी उठली नाही. "ये," म्हणाली. तिची सून पाणी घेऊन आली आणि मी विचारायच्या आत हळूच सांगायला लागली. "काय करतच नायत आता. मोतीबिंदू हाय, डॉक्टर बोलले, साधा ऑपरेशन हाय. तं बोलतान, कशाला, आता काय काम हाय मला? परवा कोलंबी सोलायला दिली तं बोलल्या, तूच सोल, माज्या हातून ऱ्हाऊन जाईल."

मला ते सहन झालं नाही. फळी तिच्या मांडीवर ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं ओकलो. फाइल चिकटवली ते, झोळीत हात घातला ते, त्याच दिवशी कळलं होतं तेही.

मला वाटलं होतं, रडेल. किंवा म्हणेल, जाऊ दे, होतं असं. आपल्याकडे वडीलधारी माणसं म्हणतात ना. ती ताडकन उठली, खुर्ची मागे पडली.

"दोन महिने!" ती ओरडली. सून पदर सावरत बाहेर आली. "दोन महिने मी भातात मीठ टाकताना हिला इचारते, टाकला काय मी? डोल्याला दोष दिला असता तं चालला असता, डोले म्हातारे झालेच. मी हातांना दिला! भडव्या, माजे हात घेऊन बसला व्हतास तू खिशात, आनि तिथं चहा पीत व्हतास!"

मी म्हणालो, "चुकलो."

"मला नको सांगू. मला काय सांगतंस? जिथं माजी चूक ठरली तिथं सांग."

ती पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागली होती. सून तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिनं मला चहा विचारला.

बुधवारी ती आली. फळी काखेत, झोळी खांद्यावर. शेठ होते, मी बोलावलं म्हणून वकीलसाहेबही आले होते. तिनं कोणाला सलाम नाही, नमस्कार नाही, माझ्याकडे बघून नुसती हनुवटी उचलली. मी सांगितलं. फाइलपासून झोळीपर्यंत सगळं सांगितलं. शेठ लाल झाले. वकील म्हणाले, "म्हणजे यांचा काही दोषच नव्हता?" मी म्हणालो, नव्हता.

"झाला?" आपा म्हणाली. "आता काम."

तिचाच जुना हार्नेस खोक्यातून काढला आणि लावला. कॉइलींच्या जागी दिव्यांची फळी, आणि शेठनी मागवलेल्या नव्या कॉइली तिच्या झोळीत. सेटिंग मी आधीच सुलटं केलं होतं, चावी दिली. चारही दिवे विझलेले. ती फळीला नाक लावून बघत होती. स्टार्टर मारला, दिवे लुकलुकले. मग तिनं झोळीतून नव्या कॉइली काढल्या आणि एकेक स्वतः बसवली, बोटांनी गाठी मोजत. एक. दोन. तीन. चार.

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. वकिलांचे डोळे भरून आले, मी पाहिलं. शेठ टाळ्या वाजवायला लागले.

पण काम संपलं नव्हतं. सुरुवातीला आम्ही ठिणगी जोडीनं देतो. एक आणि चार एकदम, दोन आणि तीन एकदम. इंजिनाला तेवढ्यावर चालता येतं. गरम झालं की मग प्रत्येकाला त्याच्या पाळीनं, एकेकट्याला. मी लॅपटॉपवर त्याचं बटण दाबलं आणि इंजिन ठसकलं. फट्‌ करून आवाज आला आणि ते दोन सिलिंडरवर लंगडायला लागलं.

मला लगेच कळलं. दोन आणि तीनच्या वायरी कॉम्प्युटरच्या टोकाला अदलाबदल झाल्या होत्या. जोडीनं चालताना त्याचा पत्ताच लागत नाही. कॉइलच्या टोकाला गाठी होत्या, तिथं बोटं चुकली नव्हती. या टोकाला नुसते रंग होते. ही चूक तिची. खरीखुरी तिची.

शेठ म्हणाले, "आता काय झालं?"

लॅपटॉपवर दोनाच्या जागी तीन आणि तीनाच्या जागी दोन लिहिलं की संपलं. दोन सेकंदांचं काम. कुणाला कळणार नाही, बाईलाही नाही. माझ्या मनात आलं, हिला मी आधीच एवढं छळलंय, एवढं तरी करावं. बोटं तिकडे गेलीसुद्धा.

"काय करतंस?"

मी मान वर केली. आपा माझ्या शेजारी उभी होती.

"काही नाही. सेटिंग आहे थोडं."

"संपत."

मी लॅपटॉपकडेच बघत राहिलो.

"परत गप बसाया लागलास?"

मी हात उचलून घेतले. तिनं स्वतःच चावी फिरवून इंजिन बंद केलं. गॅरेजमध्ये एकदम शांत झालं, बाहेरच्या ट्रकचा आवाज आत आला.

"शेठ," ती म्हणाली, "ही चूक माजी हाय. निली आनि जांभली, मला दोनी सारक्या दिसतात. चार महिने झाले. हा पोर माजी चूक डब्यात लपवत व्हता. त्याची त्यानं बोलली, माजी मी बोलते. कॉइली त्यानं जालल्या, वायर मी फिरवली."

शेठ जमिनीकडे बघत होते. तिनं कप्लर सोडवला, माझ्यापुढे धरला. "निली कंची?" या वेळी परीक्षा नव्हती. मी बोट ठेवलं. "आनि जांभली?" मी बोट ठेवलं. तिनं बारीक टोच्यानं दोन्ही पिना काढल्या, जागा बदलून बसवल्या, आणि एकेक वायर ओढून पाहिली, कान ओढावा तशी. मग झोळीतून मेणाचा दोरा काढला आणि या टोकालाही गाठी मारल्या. एक, दोन, तीन, चार. दहा मिनिटं लागली. तिचे हात एकदाही अडखळले नाहीत. वकील घड्याळ विसरून बघत होते.

इंजिन सुरू झालं. मी बटण दाबलं. ते नीट चालत राहिलं.

"शेठ, आता डोल्याचा ऑपरेशन करून घेते," ती म्हणाली. "सून पाठीमागं लागलीच हाय."

"मग महिन्याभरानं या, आपा. तुमची जागा आहेच."

"बघू."

ती परत आली नाही. ऑपरेशन चांगलं झालं असं सुनेनं फोनवर सांगितलं, आणि मग ती लेकीकडे श्रीवर्धनला गेली. तिकडे बोटींच्या इंजिनांची वायरिंग करते म्हणे, खरं-खोटं तिलाच ठाऊक. फळी मात्र तिनं नेली नाही. त्या दिवशी निघताना काखेतून काढून परत त्याच खिळ्याला अडकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लावत जा."

मी गेटपर्यंत गेलो. साडेपाच वाजले होते. नाक्यावर रांग होती, ती रांगेसमोरून पुढे चालायला लागली. मला धावत जाऊन काहीतरी म्हणायचं होतं, पण काय ते सुचेना. इतक्यात मागून बस आली, माझ्यासमोरून गेली. दोन स्टॉपच्या मधे तिनं मागे न बघता हात वर केला. बस तिला ओलांडून गेली, थोडी पुढे जाऊन थांबली, आणि दार उघडं ठेवून तिची वाट बघत राहिली. आपा धावली नाही. आपल्या चालीनं चालत जाऊन चढली.